मूकुत्ती अम्मन आणि तिच्या थोरल्या बहिणी

अडयारची_वैनी

‘मूकुत्ती अम्मन’ (म्हणजे चमकीवाली देवी) हा तमिळ सिनेमा पुन्हा पाहिला. २०२० च्या दिवाळीत, १४ नोव्हेंबरला, तो थेट हॉटस्टारवर आला होता. इथल्या एका जुन्या धाग्यावर कुणीतरी ‘ओह माय गॉडची तमिळ झेरॉक्स’ म्हणून त्याला निकालात काढलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नागरकोविलमध्ये एंगल्स रामसामी नावाचा लोकल चॅनेलचा बातमीदार (आर. जे. बालाजी, दिग्दर्शनातही तोच, जोडीला एन. जे. सरवणन). हो, एंगल्स म्हणजे मार्क्सचा दोस्त तोच. तमिळनाडूत लेनिन, स्टालिन ही घरातली नावं असतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. बाप केव्हाच घर सोडून गेलेला. आई, आजोबा, तीन बहिणी, सगळा भार याच्यावर, आणि त्यापायी याचं लग्न रखडलेलं. आईचा (उर्वशी) एकच ध्यास, तिरुपतीला जायचं. दर वेळी बेत ठरतो आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं. शेवटी कुणीतरी सुचवतं, अहो, आधी आपल्या कुलदैवताला तरी जाऊन या. मग ही वरात ओसाड पडलेल्या एका छोट्या देवळात जाते, रात्री तिथेच मुक्काम टाकते आणि एंगल्सला देवी दिसते. नयनतारा. नाकात चमकी, अंगभर दागिने, आणि चेहऱ्यावर घरी बऱ्याच दिवसांनी आलेल्या भाच्याला बघून आत्याच्या चेहऱ्यावर येतो तो भाव.

तिला हवंय काय? तर माझं देऊळ नावारूपाला आण. बस्स!

पुढे एक भगवती बाबा आहे, त्याचा पंचवनम नावाच्या ११,००० एकरांवर डोळा आहे, आणि एंगल्स आधीपासूनच त्याच्या मागे लागलेला आहे. देवीचं देऊळ गाजायला लागल्यावर बाबा तिथेही पोचतो. उत्तरार्ध लांबलाय आणि शेवटी भाषणबाजी आहे, हे मान्य.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. अम्मनपट म्हटलं की देवी रक्षणकर्ती असणारच. जुन्या सिनेमात ती सुनेचं रक्षण करते सासूपासून, नाहीतर मांत्रिकापासून. इथे तिला भक्तांना वाचवायचंय ते तिच्याच नावानं दुकान मांडणाऱ्यांपासून. आणि ती शेवटच्या रिळात त्रिशूळ घेऊन अवतरत नाही. आधीच येते आणि मग घरातल्या माणसासारखी टोमणे मारत वावरते. कुणी कुणी पाहिलाय?

खारी_बिस्कीट

पाहिलाय! उर्वशीसाठी दोनदा. तिच्या तोंडची निम्मी वाक्यं सबटायटल्समध्ये येतच नाहीत, ती एका दमात चार वाक्यं बोलते आणि खाली एकच ओळ.

सिनेमावेडा

वैनी, मस्त विषय. थोडी वंशावळ टाकतो, नाहीतर ‘मूकुत्ती’ आकाशातून पडल्यासारखी वाटेल.

सुरुवात मी मुद्दाम उलट टोकापासून करतो. १९५२ चा ‘पराशक्ति’. नाव देवीचं, पण सिनेमा द्रविड चळवळीचा, म्हणजे देवाधर्मावर टीका करणाऱ्यांचा. संवाद करुणानिधींचे, शिवाजी गणेशनचा पहिला चित्रपट, दिग्दर्शन कृष्णन-पंजूंचं. त्यात देवळातला पुजारीच असहाय नायिकेवर हात टाकायला बघतो. मग कोर्टातलं ते गाजलेलं भाषण, ज्यात नायक म्हणतो की मी देवळात गोंधळ घातला तो देऊळ नको म्हणून नव्हे, तर देऊळ दुष्टांचा अड्डा होऊ नये म्हणून. आता हे वाक्य घ्या आणि ‘मूकुत्ती अम्मन’च्या शेवटाशेजारी ठेवा. जे १९५२ मध्ये देवळाविरुद्ध बोलणारा पोरगा म्हणत होता, ते २०२० मध्ये खुद्द देवी म्हणते. अडुसष्ट वर्षांत आरोपीच्या पिंजऱ्यातलं वाक्य गाभाऱ्यात जाऊन पोचलं!

मग १९७१ चा ‘आदि पराशक्ति’, के. एस. गोपालकृष्णन यांचा. देवीच्या भूमिकेत जयललिता. तेव्हा राज्यात द्रमुकचं राज्य, भाषणांतून देवाधर्माची खिल्ली, आणि थिएटरात हा सिनेमा जोरात. दोन्हीकडे गर्दी, आणि मला वाटतं बरीचशी माणसंही तीच असणार.

१९८२ चा के. शंकर यांचा ‘ताय मूकांबिकै’ आज लोकांना आठवतो तो एका गाण्यासाठी, इळैयराजांनी स्वतः गायलेलं ‘जननी जननी’. आणि याच कोल्लूरच्या मूकांबिकेला एमजीआरनी सोन्याची तलवार वाहिली होती. द्रविड पक्षाचा मुख्यमंत्री! तमिळनाडूतला नास्तिकपणा आणि भक्ती यांचा हिशेब बाहेरच्यानं मांडायला जाऊच नये, ताळा लागत नाही.

१९९५ चा ‘अम्मोरु’ मुळात तेलुगू, कोडी रामकृष्ण यांचा, पण ‘अम्मन’ या नावानं डब होऊन तमिळमध्येही तुफान चालला. सौंदर्या भक्त, रम्या कृष्णन देवी. त्यातल्या ग्राफिक्सनं पुढच्या सगळ्या अम्मनपटांचा साचा पाडला. मग २००० च्या आसपास रामा नारायणन यांचा कारखाना: ‘राजकाली अम्मन’, ‘पाळयत्तु अम्मन’, ‘कोट्टै मारियम्मन’. कमी खर्च, भराभर शूटिंग, साप, हत्ती, माकडं. या माणसानं वेगवेगळ्या भाषांत शंभराच्या वर सिनेमे काढले, आणि वर द्रमुकचा आमदारही होता, कारैकुडीचा. बोला आता.

निरीश्वर_नाना

सिनेमावेडा, माहिती झकास. पण या सगळ्या खटल्यात मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. पंधरा रिळं सून रडते. सासू छळते, नणंद विष घालते, नवरा ढिम्म. सोळाव्या रिळात देवी येऊन सगळ्यांना भाजून काढते. मधे पोलीस नाही, कोर्ट नाही, शेजारीण नाही, माहेर नाही. संदेश काय, तर सोस बाई, देवी बघून घेईल. हे रक्षण आहे की रक्षणाचं वायदेपत्र?

मंदाकिनी

नाना, तुमचा मुद्दा वरवर बरोबर आहे. पण हे सिनेमे बायका कशा बघतात ते तुम्ही पाहिलेलं नाही असं दिसतंय.

लहानपणी आम्ही अँटॉप हिलला राहायचो. शेजारी सगळी तमिळ कुटुंबं. दुपारी कामं आटोपली की शेजारच्या पाट्टींच्या (आजींच्या) घरी व्हिडिओवर अम्मनचा सिनेमा लागायचा आणि मजल्यावरच्या सात-आठ बायका जमायच्या. भाषा मला अर्धीच कळायची. पण एवढं नक्की की सून रडताना तिथे कुणी रडत नसे. तेव्हा भाजी निवडणं चालायचं, कुणाच्या दिराची तब्येत, कुणाच्या पोरीचं स्थळ. देवीची चाहूल लागली, उडुक्कै (डमरूसारखं वाद्य) वाजायला लागली, की हात थांबायचे. पाट्टी उठून स्टीलच्या झाकणावर कापराची वडी पेटवायच्या आणि टीव्हीसमोर ओवाळायच्या. आणि सासूला शिक्षा होताना ज्या काही कॉमेंट्स यायच्या, त्या इथे लिहिल्या तर संपादक धागा उडवतील. एक मामी तर सरळ नावं घ्यायच्या, पडद्यावरच्या सासूची नव्हेत, स्वतःच्या.

त्या बायका सोसायला शिकायला येत नव्हत्या. त्या हिशेब चुकता होताना बघायला येत होत्या. रोजच्या आयुष्यात तो होत नव्हता, ही तक्रार तुम्ही सिनेमाकडे का करताय?

खारी_बिस्कीट

मंदाकिनीताई, त्या मामींना साष्टांग नमस्कार.

निरीश्वर_नाना

ताई, हिशेब पडद्यावर चुकता झाला की घरचा चुकता करायची निकड उरत नाही, इतकंच माझं म्हणणं. पण कापूर ओवाळण्याचं चित्र आवडलं, हे कबूल करतो.

तंजावूरकर

नमस्कार. मी इथे फारसा लिहीत नाही. आमच्या घरी बोलतात ती मराठी तुम्हां मंडळींना दीडदोनशे वर्षं जुनी वाटेल, म्हणून पुस्तकी लिहितो, सांभाळून घ्या.

सिनेमावेडा यांनी ‘आदि पराशक्ति’चा उल्लेख केला. त्यातला टी. एम. सौंदरराजन यांनी गायलेला ‘सोल्लडि अभिरामि’चा प्रसंग आठवत असेल. तिरुक्कडैयूरचा अभिरामी भट्टर देवीच्या ध्यानात बुडालेला असतो. राजा विचारतो आज तिथी कोणती, आणि अमावास्या असताना हा पौर्णिमा सांगून बसतो. राजा म्हणतो, मग आज चंद्र उगवला पाहिजे, नाहीतर शिक्षा. भट्टर खाली पेटलेल्या आगीवर टांगलेल्या झुल्यात उभा राहून अभिरामी अंतादी गातो, आणि देवी आपलं कर्णभूषण आकाशात भिरकावते, त्याचा चंद्र होतो. या कथेतला तो राजा म्हणजे आमच्या तंजावूरचे मराठा राजे, पहिले सरफोजी. तमिळ प्रेक्षकाला तो एक राजा, एवढंच. मराठी प्रेक्षकानं मात्र जरा खुर्चीत सावरून बसावं, परीक्षा घेणारा भोसला आहे.

दुसरं, तंजावूरजवळची पुन्नैनल्लूरची मारियम्मन. स्थळपुराण असं की व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू, समयपुरमला दर्शनाला गेले असता देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं की तुझ्या राजधानीच्या पूर्वेला पुन्नैच्या रानात मी आहे. वर्ष १६८० चं सांगतात. रान तोडून वाट केली, तर तिथे वारूळ. पुढे तुळजाराजांच्या मुलीची आजारात गेलेली दृष्टी इथे परत आली अशी श्रद्धा आहे. मूळ मूर्ती वारुळाच्या मातीची, सदाशिव ब्रह्मेंद्रांनी घडवली असं मानतात. मातीची म्हणून तिला पाण्याचा अभिषेक नाही. पाच वर्षांतून एकदा एक मंडल, म्हणजे ४८ दिवस, तैलकाप्पु (तेलाचा लेप) करतात. आणि उन्हाळ्यात तिच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब येतात असं लोक सांगतात. आजही ते देऊळ तंजावूर राजवाडा देवस्थानच्या ८८ देवळांपैकी एक आहे.

वैनींनी विचारलं देवी कुणाचं रक्षण करते. इथे तर तिनं राजालाच कामाला लावलं, माझं देऊळ बांध म्हणून. ‘मूकुत्ती’मधल्या देवीचं मागणं नवं नाही.

अडयारची_वैनी

तंजावूरकर, तुम्ही इतके दिवस गप्प का होता हो? व्यंकोजीराजे आणि एंगल्स रामसामी एका रांगेत बसतील हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

समयपुरमवरून एक आठवलं. तिरुच्चीजवळच्या त्या मारियम्मनचं ‘पच्चै पट्टिनि विरदम’. माणसं देवीसाठी उपास करतात हे सगळीकडेच आहे, तिथे मासी-पंगुनीत (साधारण फाल्गुन-चैत्रात) २८ दिवस देवीच भक्तांसाठी उपास धरते. शिजवलेला नैवेद्य बंद. शहाळं, पानक, ताक, तुळ्ळुमाव म्हणजे तांदळाच्या पिठाचा गुळातला गोळा, एवढंच. ऊन तापायला लागलं, रोगराईचे दिवस आले, माझ्या लेकरांना काही होऊ नये म्हणून आईचा उपास. पडद्यावरच्या आगी नि त्रिशूळ एकीकडे, आणि हे एकीकडे. मला रक्षण म्हटलं की आधी हे आठवतं.

शिवारातला

सगळं वाचलं. सगळं छान. पण बकरं कुठाय?

आमच्याकडं मरीआई गावाच्या वेशीवर असते. देऊळ म्हणजे चार दगडं, शेंदूर, वर लिंबाची फांदी. पोतराज येतो, वाढवलेले केस, कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरं, स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढत. त्याची बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन. ही देवी आमच्या महार-मांगांच्या हातची. पटकी आली, देवीच्या रोगाची साथ आली की सगळं गाव तिच्याकडं पळायचं, तेव्हा पाटलालापण वेस लांब वाटत नव्हती. आणि तिला लागतं कोंबडं, बकरं. तमिळ मारियम्मनचं खेड्यात ह्याहून वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आता तुमचे अम्मनपट बघा. देवी गोरी, रेशमी साडी, संस्कृत स्तोत्र. कापलेलं बकरं एका तरी सिनेमात धड दाखवलंय का? ‘मूकुत्ती’च्या वेळी तर बातम्याच होत्या की नयनतारानं शूटिंगभर शाकाहार पाळला, उपास धरले. आता ज्या देवीला गावात मटणाचा निवद जातो, तिचं सोंग घ्यायला शाकाहार कशाला? देवी सगळ्यांचं रक्षण करते म्हणता, पण तिला घरात घ्यायच्या आधी तिचं ताट बदलता.

सिनेमावेडा

हा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. दंडवत.

अडयारची_वैनी

शिवारातला, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. यात भर म्हणून एक प्रसंग सांगते. १९५० चा एक कायदा होता तमिळनाडूत, देवळात पशुबळी देण्यावर बंदी घालणारा. कागदावर पडून होता. २००३ मध्ये सरकारनं तो कडक राबवायचं ठरवलं. खेड्यापाड्यांतून, विशेषतः ज्यांची कुलदैवतं अय्यनार, मुनियांडी, मारियम्मन अशी आहेत त्यांच्यात, प्रचंड नाराजी पसरली. आमच्या देवानं काय खायचं हे तुम्ही कोण ठरवणार, असा सूर. २००४ मध्ये कायदाच रद्द करावा लागला. मुख्यमंत्री कोण? जयललिता. ‘आदि पराशक्ति’तली पडद्यावरची देवी. खऱ्या देवीपुढे तिलाही माघार घ्यावी लागली.

आडि महिन्यात (आपला आषाढ-श्रावण) इथे शहरातही जे दिसतं ते सिनेमापेक्षा तुमच्या मरीआईच्या जवळचं आहे. रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या हंड्यांत कूळ शिजतं, म्हणजे नाचणीची आंबील, कांदा नि सुक्या मासळीबरोबर. रांगेत रिक्षावाला, आयटीवाला, सगळे. पदराला कडुलिंब बांधून, डोक्यावर दुधाची घागर घेऊन बायका निघतात. हे कूळ सिनेमात असतं, सुकी मासळी मात्र बहुधा फ्रेमच्या बाहेर.

पैनगंगा

मी माहूरची. मारियम्मनचं मूळ बऱ्याच ठिकाणी रेणुकेशी जोडतात हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. परशुरामानं बापाच्या आज्ञेवरून आईचं डोकं उडवलं, पुन्हा जिवंत करताना धडं-शिरं अदलाबदल झाली, एकीचं शिर नि दुसऱ्या, खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईचं धड, ती मारियम्मन. तमिळनाडूत पडवेडूला रेणुगांबाळचं देऊळ आहे, तिथे शिर पुजलं जातं. माहूरलाही रेणुकामातेचा मुखवटाच, धड नाही. ‘मूकुत्ती’ बघताना आमच्या आईला भाषा न कळताही हे सगळं ओळखीचं वाटलं.

शिवारातला

पैनगंगाताई, म्हणजे धड आमचं, शिर त्यांचं, आणि देवळात ठेवलं काय, तर शिर. बरं झालं सांगितलंत.

निरीश्वर_नाना

😂 शिवारातला, यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

कानसेन

गाण्यांवर कुणीच बोलत नाहीये? ‘मूकुत्ती अम्मन’मधलं ‘आडि कूत्तु’ एल. आर. ईश्वरी यांनी गायलंय, वयाच्या ऐंशीव्या वर्षी! ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: साठ-सत्तरच्या दशकात तमिळ सिनेमातली क्लबमधली, ठसकेबाज, उडती गाणी म्हणजे ईश्वरी. सोज्वळ नायिकेला आवाज सुशीलाचा, आणि जिच्याकडे बघू नये तिला ईश्वरीचा. ‘एलंद पळम’ ऐका, कळेल. आणि याच बाईचा आवाज नंतर मारियम्मनचा आवाज झाला. ‘चेल्लात्ता’, ‘कर्पूर नायकिये’ ही गाणी आडि महिन्यात कर्ण्यावर वाजली नाहीत असं गाव सापडणार नाही. देवीला सोज्वळ गळा चाललाच नाही, तिला हाच खर्जातला, रांगडा, धमकावणारा आवाज हवा होता. शिवारातला म्हणतात ते ताट बदललं असेल, पण गळा बदलता आला नाही कुणाला. ‘मूकुत्ती’वाल्यांनी तिलाच बोलावलं, यात त्यांची अक्कल दिसते.

मंदाकिनी

कानसेन, काय निरीक्षण आहे! आत्ताच लावून ऐकलं. पाट्टींच्या घरातली दुपार हीच.

प्रश्नचिन्ह

बालिश वाटेल, पण विचारतो. सिनेमा कोविडमध्ये आला. देवीच्या रोगाची साथ तर १९७५ नंतर भारतात उरलीच नाही. मग रोग हटवणाऱ्या देवीचं काम संपलं म्हणून सिनेमानं तिला बाबा पकडायच्या कामाला लावलं, असं म्हणता येईल का?

अडयारची_वैनी

बालिश अजिबात नाही. पण ती बेकार झाली नव्हती. कोइंबतूरमध्ये ‘प्लेग मारियम्मन’ची देवळं आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या वेळची. आणि २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत त्याच कोइंबतूरच्या एका मठात ‘कोरोना देवी’ची मूर्ती बसवली, बातम्या सगळीकडे आल्या होत्या. रोग बदलला की देवी नवं खातं घेते.

आणि बाबा म्हणजे फक्त खलनायक, असंही तमिळनाडूत सरळ नाही. मेल्मरुवत्तूरचं आदिपराशक्ती पीठ बघा. तिथे बायका स्वतः गाभाऱ्यात जाऊन पूजा करतात, पाळीच्या दिवसांतसुद्धा. लाल साड्यांतल्या बायकांनी भरलेल्या बसच्या बस जाताना दिसतात. ज्यांना इतर देवळांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांना आत घेणारं पीठही एका स्वामींभोवतीच उभं राहिलं. ‘मधला दलाल नको’ हे सिनेमाचं वाक्य टाळ्या घेतं, पण गर्भगृहात कुणाला जाऊ द्यायचं हा प्रश्न त्यानं सुटत नाही. सिनेमा तिथपर्यंत जात नाही, हा माझा त्याच्यावरचा खरा आक्षेप.

निरीश्वर_नाना

वैनी, तुमचा नि माझा आक्षेप एक झाला की काय? काळजी वाटायला लागली. बरं, इतकं बोललाय तर पाहतो. आधी कुठला पाहू?

अडयारची_वैनी

आधी ‘अम्मोरु’ बघा, रम्या कृष्णनचे डोळे बघायला. मग ‘मूकुत्ती’. रामा नारायणन यांचे सिनेमे तुम्हाला झेपायचे नाहीत, साप आला की तुम्ही इथे येऊन हजार शब्द लिहाल.

सिनेमावेडा

नाना, घाई करा. दुसरा भाग येतोय, देवी नयनताराच, पण दिग्दर्शन आता सुंदर सी. यांच्याकडे, ‘अरण्मनै’वाले. भुताचा वाडा नि शेवटी अम्मनचं धमाकेदार गाणं हा त्यांचा हातखंडा. बालाजीची टोमणे मारणारी देवी त्यात उरेल का, शंकाच आहे.

निरीश्वर_नाना

म्हणजे त्रिशूळ परत.

शिवारातला

बकरं मात्र नाहीच.